रस्त्याकडेचा एकर आणि त्यातली विहीर

पुरंदर तालुक्यातल्या एका घरापुढे प्रश्न आला: रस्त्याकडेची एक एकर जमीन प्लॉटिंगवाल्याला द्यायची की नाही. धाकटा भाऊ द्यायला तयार होता, थोरला अजिबात नाही. असे प्रश्न आता पुण्याभोवतीच्या सगळ्याच तालुक्यांत आहेत. मुळशी, मावळ, खेड, भोर, कुठेही जा, प्रत्येक वाडीत एकदोन घरं याच पेचात सापडतात. बहुतेक वेळा तो 'नोकरी की शेती' असा मांडला जातो आणि तिथेच घोळ होतो. जमिनीच्या कागदपत्रांत लोकांना मदत करणं हे माझं काम आहे, त्यामुळे या घराच्या बैठकांना मी सुरुवातीपासून होते. गाव आणि नावं सांगत नाही. बाकी जे घडलं ते सविस्तर लिहिते, कारण या घराचा निकाल ज्या गोष्टींनी लावला त्या पहिल्या बैठकीत कुणीच उच्चारल्या नव्हत्या.

घर आणि जमीन

दिवे घाट चढून वर आलं की सासवडपर्यंतच्या पट्ट्यात अंजिराच्या आणि सीताफळाच्या बागा लागतात. पुरंदरच्या अंजिराला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण हा भाग पर्जन्यछायेतला. कऱ्हा नदी वर्षातला बराच काळ कोरडी असते. शेती चालते ती विहिरीवर, शेततळ्यावर आणि पुरंदर उपसा सिंचन योजनेवर. ही योजना मुळा-मुठेचं पाणी उचलते, म्हणजे पुणे शहरानं वापरून सोडलेलं पाणी पंपांनी डोंगर चढून इथल्या तळ्यांत येतं, आणि शेतकऱ्याला ते पैसे भरून सोडून घ्यावं लागतं. शहराशी या तालुक्याचं नातं किती खोलवर गेलंय ते इथंच कळतं.

या घराची जमीन सव्वातीन एकर. रस्त्याकडेला एक एकर अंजीर, त्याच्या मागे तीस गुंठे सीताफळ, उरलेली जिराईत. तिथं पावसाळ्यात वाटाणा, नाहीतर बाजरी. विहीर रस्त्याकडेच्या एकरात, बांधापासून थोडी आत. मागच्या बागेला आणि शेततळ्याला पाइपलाइन तिथूनच जाते. मागच्या जमिनीत जायची बैलगाडीची वाटही त्याच एकराच्या कडेनं.

वडील वारल्यावर वारसनोंद झाली ती चौघांची: आई, दोन भाऊ आणि भोसरीत दिलेली बहीण. थोरला पूर्णवेळ शेती करतो. धाकटा पुण्यात खराडीच्या एका आयटी पार्कात एसी प्लँटवर तंत्रज्ञ आहे, कंत्राटी, तीन शिफ्टमध्ये. थोरल्याची बायको, म्हणजे थोरली, तिचा सगळा दिवस बागेत आणि गोठ्यात जातो. धाकट्याची बायको, म्हणजे धाकटी, गावातल्या अंगणवाडीची सेविका आहे. धाकट्याला दोन मुलं, मोठी मुलगी त्या वर्षी दहावीला.

धाकट्याचे तास

घरापासून कामापर्यंत सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर. घाट उतरायचा, वडकी, फुरसुंगी फाटा, हडपसरचं गाडीतळ, मगरपट्टा, मुंढवा आणि मग खराडी. घाटाच्या पायथ्याशी गोदामांचे ट्रक वळत असतात, पुढे हडपसर तुंबलेलं असतं. पहिली शिफ्ट सातची, म्हणून साडेपाचला निघायचं. दुसरी शिफ्ट रात्री अकराला सुटते, घरी यायला साडेबारा. पावसात घाटात दगड-माती खाली येते तेव्हा बोपदेव घाटानं कोंढव्यात उतरायचं. आषाढी वारीला निघालेली माउलींची पालखी दिवे घाट चढते त्या दिवशी घाटात गाड्यांना वावच नसतो, तेव्हाही तोच रस्ता. घाटरस्ता रुंद करायचं काम निघाल्यापासून धूळ आणि वळवलेली वाहतूक यांची भर पडली.

त्याचा पेट्रोलचा हिशेब आम्ही मांडला. महिन्याला पंचवीस दिवस, रोजचे पंचावन्न किलोमीटर, गाडी लिटरला पन्नास देते. म्हणजे साडेसत्तावीस लिटर, लिटरचा दर शंभराच्या वर, महिन्याला तीन हजारांच्या आसपास. टायर, सर्व्हिसिंग वेगळं. या आकड्यावर थोरला म्हणाला, "एवढंच ना? हडपसरात खोलीचं भाडं याच्या तिप्पट आहे." पैशांपुरतं ते बरोबर होतं. पण रोज अडीच-तीन तास गाडीवर, शिवाय आठवड्याला बदलणारी झोप, हे पेट्रोलमध्ये मोजता येत नाही. धाकट्याची पाठ गेलीय. घाटात एकदा डोळा लागता लागता राहिला, हे त्यानं पहिल्यांदा सांगितलं ते बैठकीत, आणि धाकटी ते ऐकून उठून आत गेली. 'वडिलोपार्जित जमीन विकू नये' असं त्याला सांगणाऱ्या प्रत्येकानं आधी एकदा त्याच्या मागे बसून रात्री अकराला खराडीहून निघून पाहावं, असं मला त्या दिवशी वाटलं आणि आजही वाटतं.

त्याच्या शिफ्टचा शेतीशी असलेला संबंध बाहेरून दिसत नाही. शेतीपंपाला थ्री फेज वीज आळीपाळीनं मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, आणि या पाळ्या बदलत राहतात. धाकट्याच्या शिफ्टही बदलत्या. दोन्ही वेळापत्रकं कधी जुळतात, कधी एकमेकांच्या उरावर बसतात. रात्रीची लाइट आणि धाकट्याची तिसरी शिफ्ट एकाच आठवड्यात आली की मोटर चालू करायला, ठिबकचे व्हॉल्व्ह बदलायला थोरला एकटा. या भागात बिबट्याची भीती आहे, त्यामुळे थोरलीही बॅटरी घेऊन बांधावर उभी राहते. अंजिराला पाणी हवं ते वेळच्या वेळी. फळ भरत असताना पाण्यात खंड पडला आणि मग एकदम भरपूर दिलं, तर फळ उकलतं. उकललेलं अंजीर गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पाठवण्यात अर्थ नाही, भाड्याचेही पैसे निघत नाहीत.

प्रस्ताव

तालुक्यात विमानतळाची घोषणा 2016 मध्ये झाली तेव्हापासून जमिनीचे भाव अफवांवर वरखाली होतात. विमानतळाची गावं सात: पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी. या घराचं गाव त्यांत नाही. पण दलालांच्या बोलण्यात विमानतळ सगळ्यांच्याच शिवाराला लागून असतो. इथं आलेला प्लॉटिंगवाला सरळ माणूस होता असं म्हणायला हरकत नाही. त्यानं दर स्पष्ट सांगितला, इसार द्यायची तयारी दाखवली आणि फक्त रस्त्याकडेचा एकर मागितला. मागची जमीन त्याला नको होती.

धाकट्याचं गणित असं: त्याच्या वाट्याच्या रकमेत हडपसरजवळच्या मांजरीत वन बीएचकेचं डाउन पेमेंट होईल, गावच्या सोसायटीचं जुनं कर्ज फिटेल. मांजरीहून खराडी जवळ. मुलगी अकरावीला शहरात जाईल, रोज एसटीच्या मागे धावायला नको. उरलेला फ्लॅटचा हप्ता पगारातून. बाग तशीही जुनी झालीय, तांबेरा रोग हटत नाही.

यात चुकीचं काहीच नव्हतं. अपुरं मात्र बरंच होतं.

आधी कायदा. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो, हे 1948 च्या कूळ कायद्याचं कलम 63. शिवाय 1947 च्या तुकडेबंदी कायद्यानं ठरवलेल्या प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा करून विकता येत नाही. 2023 च्या अधिसूचनेनं आपल्याकडे हे क्षेत्र जिराईतीला 20 गुंठे आणि बागाईतीला 10 गुंठे असं ठरलं. पुढे या कायद्यात सवलती येत गेल्या, पण त्या कुठल्या जमिनीला लागू होतात हे प्रत्येक गटाच्या झोनवर ठरतं. एकेक गुंठा विकणारे पूर्वीपासून एक वाट काढतात. अकरा गुंठ्यांचं एकच सामाईक खरेदीखत दहा-अकरा जणांच्या नावानं करायचं आणि आत तारेचं कुंपण घालून प्रत्येकाला आपापला कोपरा दाखवायचा. सातबाऱ्यावर नाव लागतं पण नकाशावर तुकडा पडत नाही. अशा प्लॉटवर घर बांधणाऱ्या माणसाला पुढे बांधकाम परवानगी, बँकेचं कर्ज, नळजोड, सगळीकडे अडवलं जातं. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडून (पीएमआरडीए) रीतसर लेआउट मंजूर करून विकणारे असतात, पण मग त्यांचा दर असा नसतो. आपण विकून मोकळे होऊ, घेणारे मात्र अडकतील, हा विचार आईनं बोलून दाखवला. "लोकांचे तळतळाट नको," एवढंच ती म्हणाली. या घरात तिचा शब्द त्याआधी कुणी फारसा विचारला नव्हता.

विहीर

थोरल्याचा विरोध पहिल्या दिवशी नुसता हट्ट वाटला होता, कारण तो कारण सांगत नव्हता. "बापानं राखली ती मी नाही विकणार" यापुढे त्याचं बोलणं जाईना. म्हणून मी गटाचा नकाशा मागवला आणि आम्ही सगळे शेतात गेलो. नकाशा जमिनीवर पसरल्यावर त्याला बोलता आलं. विहीर इथं. पाइपलाइन अशी. वाट अशी. एकर गेला की मागची सव्वादोन एकर बिनपाण्याची आणि बिनरस्त्याची. सीताफळ दोन वर्षं तग धरेल, शेततळं भरायला पाइप कुठून नेणार? नवी विहीर घ्यायची तर मागच्या बाजूला खडक वर आलेला, पाणी लागेलच असं नाही.

म्हणजे व्यवहार एका एकराचा दिसत होता, नुकसान सव्वातीन एकरांचं होतं. दर लावणाऱ्यानं फक्त क्षेत्र मोजलं. त्याला दोष नाही, त्याच्या कामात क्षेत्रच मोजतात. पण घरातल्या माणसांनीही क्षेत्रच मोजावं याचं मला वाईट वाटलं. विहिरीत हक्क राखून खरेदीखत करता येतं, सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात तशी नोंद होते, वहिवाटीचा रस्ताही लिहून घेता येतो. मी ते सुचवलं. प्लॉटिंगवाल्यानं नकार दिला. मधोमध दुसऱ्याच्या हक्काची विहीर आणि कडेनं बैलगाडीची वाट असलेले प्लॉट त्याचे विकले गेले नसते. तिथं धाकट्याचा चेहरा पहिल्यांदा बदलला. विहिरीत उतरायला त्यालाही वडिलांनीच शिकवलं होतं.

धाकटीची नोकरी

यावर चर्चा सगळ्यात उशिरा झाली, आणि माझ्या मते ती सगळ्यात आधी व्हायला हवी होती.

अंगणवाडी सेविकेची नेमणूक स्थानिक रहिवासी असलेल्या बाईचीच होते. नोकरी गावाला बांधलेली असते. मांजरीला राहायला गेलं की ती सुटली. बदली करून दुसरीकडे घेता येईल अशी ही सरकारी नोकरी नव्हे, हिला पगार नसतो, मानधन असतं. तीन बैठका झाल्या तरी फ्लॅटच्या हप्त्याच्या गणितात धाकटीचं मानधन कुठल्याच बाजूला नव्हतं. ते येतंय म्हणून धरलेलं नव्हतं, जाईल म्हणूनही नव्हतं. घरातल्या किराण्याचा आणि मुलांच्या फीचा मोठा भाग त्यातून जात होता, हे तिनं वही काढून दाखवलं तेव्हा धाकटाही गप्प झाला. तिची वही तारखेवार होती, भावांच्या कुठल्याच कागदापेक्षा व्यवस्थित.

ती एवढंच बोलली की मला शहरात जायला आवडेल, पण काम सोडायला आवडणार नाही. गावातली सहा वर्षांखालची सगळी मुलं तिला ओळखतात. वजन कुणाचं घटलंय, कुणाच्या आईला दिवस गेलेत, कुणाचं लसीकरण राहिलंय, हे तिच्या रजिस्टरात आहे. या कामाला शहरात पर्याय म्हणून तिला काय मिळणार होतं? सोसायट्यांमधलं घरकाम किंवा पाळणाघरातली मदतनीस. दोन्ही कामं कष्टाची आणि मानाचीच आहेत, पण तिनं शिक्षण, परीक्षा आणि बारा-तेरा वर्षांच्या सेवेतून मिळवलेली जागा ती नव्हे.

थोरलीच्या कामाला तर वहीही नाही. अंजिराचा मीठा बहार, म्हणजे गोड फळांचा तोडणीचा हंगाम, साधारण फेब्रुवारी ते मे. अंजीर उजाडायच्या आत तोडायचं, देठासकट, अलगद. देठातून पांढरा चीक येतो, बोटांची कातडी जाते. थोरली हाताला खोबरेल लावते, वर जुने मोजे चढवते, तरी मेपर्यंत बोटांना चिरा पडलेल्या असतात. मग प्रतवारी, पाटीत अंजिराचीच पानं घालून थर लावायचे, टेम्पो यायच्या आत सगळं तयार. हे फळ एकदोन दिवसांपलीकडे टिकत नाही, म्हणून पुणं जवळ असण्यावरच त्याची शेती उभी आहे. शहर लांब असतं तर इथं अंजीर लावलंच नसतं कुणी. धाकटा घरी असला की तोडणीला दोन हात जास्त मिळतात. तो गेला की मजूर, आणि पहाटेचा मजूर मिळत नाही.

बहिणीची सही

एवढं होऊनही धाकट्याचा विचार पूर्ण फिरला नव्हता. आणखी थोडा दर वाढवून घेऊ, बोअर मारू, असं चाललं होतं. मग सह्यांचा विषय निघाला आणि बहिणीला बोलावलं.

दोघा भावांनी गृहीत धरलं होतं की ती हक्कसोडपत्र करून देईल. आपल्याकडे बहिणी देतात, आणि न देणाऱ्या बहिणीला माहेर तुटतं, ही वस्तुस्थिती आहे. कायदा तिच्या बाजूनं आहे. हिंदू वारसा कायद्यात 2005 मध्ये दुरुस्ती झाली, वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला, आणि तो जन्मानं मिळतो हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये आणखी स्पष्ट केलं. पण कायद्याचं पुस्तक घेऊन माहेरच्या ओसरीवर बसणं कुठल्या बाईला सोपं जातं?

ती आली, चहा घेतला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दादा, मी वाटा मागत नाही. सहीपण करणार नाही. माझं नाव आहे तिथं राहू दे."

थोरल्याला हे आपल्या बाजूचं वाटलं आणि तो खूश झाला. तेव्हा तिनं त्यालाही सांगितलं की हे तुझ्यासाठी नाही, उद्या तू विकायला काढलीस तरी माझं उत्तर हेच. तिचं सासर भोसरीतलं, भाड्याच्या दोन खोल्या, नवऱ्याचं वर्कशॉपमधलं काम कधी आहे कधी नाही. पैशाची गरज दोघा भावांपेक्षा तिला जास्त होती. तिनं वाटा मागितला असता तर मी तिला पूर्ण पाठिंबा दिला असता. तिनं मागितलं ते फक्त सातबाऱ्यावरचं नाव, आणि त्या नावानं व्यवहार थांबवला. सही मिळणार नाही म्हटल्यावर प्लॉटिंगवाल्यानं पुढच्या गावात चौकशी सुरू केली. शहाणपणानं जमीन वाचली असं मी म्हणणार नाही. विहीर, मानधन, आईचं बोलणं यांनी धाकटा डळमळला होता, पण निकाल लावला तो बहिणीच्या न झालेल्या सहीनं.

त्यानंतर काय केलं

जमीन राहिली म्हणून धाकट्याची पाठ बरी होत नाही. तेव्हा पुढच्या दोन बैठका फक्त त्याच्यावर झाल्या.

तिसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात तो आता मुंढव्यात सहकाऱ्यांच्या खोलीत राहतो, भाड्यात चौथा हिस्सा देतो. त्या आठवड्यात थोरल्याला रात्रीची लाइट आली तर पाणी द्यायला एक गडी ठेवायचा, त्याची मजुरी अंजिराच्या पैशातून, दोघांच्या खात्यावर निम्मी निम्मी. पहिल्या शिफ्टला जाताना तो सीताफळाचे आणि वाटाण्याचे क्रेट गाडीला बांधून नेतो, कंपनीतले लोक घेतात. अंजिराचाही प्रयोग केला, पण घाटातल्या खड्ड्यांनी फळ काळवंडतं. ते टेम्पोनंच गेलं पाहिजे. थेट विक्रीतून मिळणारी रक्कम फार नाही, बागेच्या एकूण मालापुढे किरकोळच. पण ती धाकट्याच्या हातात येते, आणि शेतीत आपलं काही आहे असं त्याला वाटायला तिचा उपयोग झाला. हे थोरल्याच्या लक्षात आलं नाही, थोरलीच्या आलं.

मुलीचं अकरावीचं सासवडला ठरलं. पुण्याला जायची तिची इच्छा होती, अजून आहे. बारावीनंतर हा प्रश्न पुन्हा उभा राहणार आणि तेव्हा विहिरीचं कारण तिला पुरणार नाही. मुलीच्या वसतिगृहासाठी सीताफळाच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा आतापासून बाजूला टाकायचा, हे धाकटीनं वहीत लिहून घेतलंय.

कागदाच्या बाजूनं मी समाधानी नाही. विहिरीच्या पाळ्या, वाट, गड्याची मजुरी, अंजिराच्या पैशांची वाटणी, हे सगळं त्यांनी एका कागदावर लिहून चौघांच्या सह्या घेतल्या. घरच्या समजुतीसाठी तो बरा आहे. पण उद्या दोघांपैकी एकाचा मुलगा कोर्टात गेला तर नोंदणी नसलेल्या त्या कागदाला तिथं फार किंमत राहणार नाही. तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली वाटप करून घ्यावं, विहीर सामाईक ठेवून प्रत्येकाच्या इतर हक्कांत तिची नोंद करावी, आणि बहिणीचा वाटा तिच्या नावानं वेगळा दाखवावा, असं माझं म्हणणं आहे. तिनं कसायला मागितला नाही तरी तो दाखवावा. थोरला याला अजून तयार नाही. वाटप झालं की धाकट्याचा तुकडा सुटा विकला जाईल, अशी त्याला भीती आहे. ती निराधार नाही. पण त्या भीतीपोटी सगळं तोंडी ठेवलं तर पुढच्या पिढीला भांडण वारशात मिळेल.

सध्या त्यांनी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज भरलाय. तारीख आली की चौघांनी बांधावर हजर राहायचं ठरलंय. बहिणीला निरोप धाकटा देणार आहे, आणि विहिरीचं अंतर बांधापासून मोजून नकाशावर लिहून घ्या, हे मोजणीदाराला आई सांगणार आहे.